एकनाथ शेवडे करतो काय?

२००१ च्या नोव्हेंबरात एकनाथ शेवडे अमेरिकेत उतरला तो प्रतिमाचा नवरा म्हणून. यात टोमणा काही नाही, त्याच्या व्हिसाचा सरकारी अर्थच तो होता. प्रतिमा सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. व्हिसा तिचा, नोकरी तिची, आणि त्या व्हिसाला जोडून आलेला हा. अशा जोडून आलेल्या माणसाला अमेरिकेत राहता येतं, गाडी चालवता येते, भांडी तर हवी तेवढी घासता येतात, फक्त कमावता येत नाही. बॉथेलच्या मराठी मंडळींत अशा बायका डझनाने होत्या. असा नवरा एकच होता.

आणि आपली मंडळी म्हणजे काय सांगावं! दर शनिवारी कुणाच्या तरी घरी पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ करून आणायचा. कुणी पुण्याचं, कुणी मुंबईचं, कुणी एकनाथसारखं नागपूरचं. हातात पावभाजीची डिश आली की पहिला प्रश्न ठरलेला, मग तू काय करतोस? एकनाथ सांगायचा, गिटार वाजवतो. त्यावर समोरचा अगदी प्रेमाने म्हणायचा, ते छानच रे, पण करतोस काय? पहिल्या वर्षात हा प्रश्न त्याला इतक्या वेळा ऐकावा लागला की पुढे पुढे तो पॉटलकला गेला की सरळ स्वयंपाकघरात शिरून पोळ्या गरम करायला लागला.

त्यातल्या त्यात संजीव बरा. दुसऱ्या एका कंपनीत टीम लीड, मनाने सोन्यासारखा, पण बोलताना मागेपुढे न बघणारा. त्याने एक दिवस टेस्टिंगची दोन जाडजूड पुस्तकं आणून दिली. म्हणाला, वाचून ठेव यार, कधीतरी तुझं कामाचं कार्ड येईल, त्या दिवशी मी तुला लावून घेतो. एकनाथने पुस्तकं ठेवून घेतली. एकावर एक ठेवली की गिटार वाजवताना डाव्या पायाखाली घ्यायला ती अगदी बेताच्या उंचीची निघाली.

आता हा माणूस काही हौशी नव्हता. नागपुरात त्याने राजाराम मास्तरांच्या हाताखाली बारा वर्षं साथ केली होती. मास्तर सुगम संगीताच्या कार्यक्रमांचा वाद्यमेळ बसवायचे आणि गिटारवर एकनाथ. मास्तरांची शिकवण दोन वाक्यांत मावायची. साथीदाराने गायकाच्या तोंडाकडे बघायचं, लोकांकडे नाही; गायक थांबला की थांबायचं, निघाला की निघायचं. आणि कुणी विचारलं, किती वर्षं वाजवता, तर म्हणायचं, अजून शिकतोय. मास्तर स्वतः पासष्टाव्या वर्षी तेच सांगायचे, आणि ऐकणारे मान डोलवायचे, कारण नागपुरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. एकनाथच्या हाडात ही दोन्ही वाक्यं मुरलेली होती. त्याला आयुष्यभर वाजवायचं होतं, बाकी कशातही त्याचा जीव नव्हता. इथे येताना फक्त एवढंच त्याने धरून ठेवलं होतं, आणि इथे तेच कुणाला मोजायचं नव्हतं.

२००२ च्या वसंतात बॉथेलच्या ग्रंथालयातल्या फळ्यावर त्याला एक चिठ्ठी दिसली. हाताने लिहिलेली. टँगोच्या नाचासाठी आणि अर्जेंटिनाच्या लोकगीतांसाठी गिटारवाला हवा, दर मंगळवारी, पैसे मिळणार नाहीत. एकनाथने ती दोनदा वाचली. अख्ख्या अमेरिकेत त्याला कायद्याने चालेल अशी ही एकच जाहिरात असावी. टँगो त्याने कधी धड ऐकलाही नव्हता. चिठ्ठी काढून खिशात घातली, म्हणजे दुसरं कुणी वाचायला नको.

चिठ्ठी लिहिणारा ओरासिओ. पन्नाशी उलटलेला, अर्जेंटिनाचा, दिवसा लोकांचे पियानो सुरात लावून द्यायचा आणि मंगळवारी बँडोनिऑन वाजवायचा. बँडोनिऑन म्हणजे आपल्या पेटीची लांबची बहीण, मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी ताणायची. इंग्रजी दोघांचंही यथातथाच, पण दोघांचं मोडकेपण वेगवेगळ्या जागी होतं, त्यामुळे काम भागायचं. ओरासिओने आधी त्याच्या देशातली लोकगीतं काढली. सहा मात्रांची, मध्येच तीन-तीनचे दोन तुकडे मोडून दोन-दोनचे तीन होणारी. एकनाथला हसूच आलं. दादऱ्याच्या अंगाने जाणारं हे प्रकरण, त्याचा हात आपोआप पडायला लागला. ओरासिओ चकित. त्याने विचारलं, तू कुठल्या गावचा? नागपूर ऐकून त्याला वाटलं, असेल उत्तर अर्जेंटिनात कुठेतरी.

मग टँगो काढला आणि सगळं फिसकटलं.

टँगोला ढोल नाही, तबला नाही. गिटार ठोका धरते आणि त्यावर माणसं चालतात. एकनाथ मात्र शिकल्याप्रमाणे ओरासिओच्या तोंडाकडे बघून वाजवत होता. ओरासिओने सूर जरा लांबवला की हा थांबायचा, तो निघाला की हा निघायचा. नागपुरात याला उत्तम साथ म्हणतात. इथे मंगळवारच्या नाचाच्या हॉलमध्ये आठ जोडपी एक पाय उचलून ताटकळत उभी राहायला लागली. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा तोल जाता जाता वाचला. तिसऱ्या गाण्यानंतर ओरासिओने पेटी खाली ठेवली आणि विचारलं, तू कुणाची वाट बघतोस? एकनाथ म्हणाला, तुमची. ओरासिओने कपाळावर हात मारला.

"मी तुझी वाट बघतोय," तो म्हणाला. "तू जमीन आहेस. जमीन माणसाला विचारत नाही, पाऊल कुठे टाकतोस म्हणून."

सांगायला सोपं. बारा वर्षांची सवय एका वाक्याने जाते होय? एकनाथ घरी येऊन टिकटिक करत लय मोजणारा मेट्रोनोम लावून बसायचा, आणि मंगळवार आला की पुन्हा मान ओरासिओकडे. शेवटी ओरासिओने एक अजब उपाय केला. आपली खुर्ची उचलली आणि एकनाथकडे पाठ करून बसला. आता बघ काय बघायचंय ते! पुढचे चार महिने एकनाथला त्याच्या पाठीवरचा तपकिरी स्वेटर दिसत होता, बाकी काही नाही. पहिले काही आठवडे तो घाबराघुबरा झाला. मग तोंड दिसत नाही म्हणून त्याची नजर खाली गेली, नाचणाऱ्यांच्या पायांवर. टाच कधी टेकते, पाय कधी नुसता सरकतो, बाई वळताना किती वेळ घेते. तो पायांकडे बघून वाजवायला लागला. आणखी काही महिन्यांनी त्याला बघायचीही गरज उरली नाही, त्याच्या ठोक्यावर पाय पडत होते. खुर्ची पुन्हा सरळ झाली तेव्हा २००३ उजाडलं होतं आणि प्रतिमाला सातवा महिना लागला होता.

पुढची चार वर्षं काही चुकलं नाही. इला झाली, बोलायला लागली, इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. एकनाथ दिवसा घर आणि पोर सांभाळायचा, मंगळवारी टँगो, महिन्यातून एकदा लोकगीतं. सिअ‍ॅटलपासून टकोमापर्यंतच्या नाचणाऱ्यांत ‘ओरासिओचा गिटारवाला’ माहीत झाला. काही जण तर आधी विचारून घ्यायचे, तो वाजवणार असेल तर येतो. हे सगळं फुकट, आणि एकनाथचा रुबाब मात्र पगारी माणसापेक्षा जास्त. मंगळवारी कुणी कितीही मोठा पाहुणा घरी आला तरी हा सहाला निघणार म्हणजे निघणार. प्रतिमाने कधी अडवलं नाही. दमायची ती, चिडायचीही, पण त्याचं वाजवणं चेष्टेवारी कुणी नेलं की पहिली तीच तुटून पडायची.

मग २००७ चा जुलै आला. ग्रीनकार्डाच्या रांगेचं फाटक एकाएकी उघडलं. मग बंद झालं म्हणाले, मग नाही नाही, उघडंच आहे म्हणाले. बॉथेलची सगळी मराठी मंडळी फोटो काढायला आणि लशी टोचून घ्यायला धावत सुटली. शेवड्यांचेही कागद गेले, आणि नोव्हेंबरात एकनाथच्या हातात ते कामाचं कार्ड पडलं. आता त्याला काम करता येत होतं. सहा वर्षांनी. त्याने कार्ड फ्रीजवर चुंबकाने लावलं आणि येताजाता त्याच्याकडे बघून घ्यायचा.

संजीव शब्दाला जागला. जानेवारी संपता संपता त्याचा फोन. टीममध्ये एक जागा आहे, मी बोलून ठेवलंय, फक्त फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत हो सांग. पुस्तकं वाचलीस ना? एकनाथ म्हणाला, रोज असतात पायाशी. हे खोटं नव्हतं.

त्याच आठवड्यात दुसरा फोन आला. पोर्टलंडहून, ज्युडिथ नावाची बाई. फेब्रुवारीत तिथे तीन दिवसांचा टँगो महोत्सव, ती भरवणारी. ओरासिओला तिने बोलावलंच होतं, आणि ओरासिओने सांगितलं होतं की गिटारला माझाच माणूस हवा. नाव छापलं जाणार, मानधन मिळणार, आणि जमलं तर पुढे वर्षभर पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या महोत्सवांना जायचं. ज्युडिथने सहज म्हणून विचारलं, टँगो किती वर्षं वाजवताय?

आणि या शहाण्याने काय सांगावं? अगदी नम्र आवाजात, मान थोडी खाली घालून, फोनवर मान दिसत नाही हे विसरून, तो म्हणाला, "नाही हो, मी अजून शिकतोय."

मग ज्युडिथ भल्या आवाजात म्हणाली, अस्सं, सांगितलंत ते बरं झालं, तुमच्या शिक्षणाला शुभेच्छा. फोन बंद.

एकनाथ खुशीत. प्रतिमा घरी आली तेव्हा त्याने तिला सगळं रंगवून सांगितलं, अगदी कसं उत्तर दिलं तेही. प्रतिमा हातातली पर्स तशीच धरून ऐकत राहिली.

"अरे, ती बाई नागपूरच्या धरमपेठेतली आहे का?" ती म्हणाली. "तू तिला सांगितलंस की तुला येत नाही."

दुसऱ्या दिवशी ईमेल आलीच. सॅन फ्रान्सिस्कोहून एक अनुभवी गिटारवादक मिळाला आहे, आपण दाखवलेल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. प्रामाणिकपणाबद्दल! एकनाथच्या तोंडचं पाणी पळालं. ओरासिओला कळलं तेव्हा तो स्पॅनिशमध्ये जे काही बोलला ते एकनाथला शब्दशः कळलं नाही, पण पोचलं. मी पुन्हा तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही, तो म्हणाला. मी जे सांगितलं ते तूच खोटं पाडलंस. आता तूच फोन कर आणि सांग, मी चांगला वाजवतो म्हणून.

हे ऐकून एकनाथला वाटलं, त्यापेक्षा सोमवारी संजीवला हो सांगितलेलं बरं. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक? राजाराम मास्तरांनी ऐकलं असतं तर कार्यक्रमातून काढून टाकलं असतं. तो दोन दिवस घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. तिसऱ्या दिवशी प्रतिमाने त्याला समोर बसवलं.

"नोकरी घे असं मी म्हणत नाहीये, घेऊ नकोस असंही नाही," ती म्हणाली. "सहा वर्षं मी घर ओढलं, अजून ओढीन. पण संजीवला नकार द्यायचा असेल तर कारण असू दे. शिकतोय हे कारण नाही, एकनाथ. मी शिकणाऱ्या माणसासाठी नाही ओढलं."

हे लागलं. चांगलंच लागलं. आजवर तो समजत होता की मास्तरांचा मान राखतोय, आणि प्रत्यक्षात तो या बाईची सहा वर्षं फुकट ठरवत होता. त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये तालीम सुरू झाली, गिटारची नाही, एका वाक्याची. मी चांगला वाजवतो. प्रतिमा ज्युडिथ झाली. पहिल्यांदा तो म्हणाला, मी बरा वाजवतो. पुन्हा. लोक म्हणतात मी चांगला वाजवतो. पुन्हा. देवाच्या कृपेने... प्रतिमा हसून हसून खाली बसली. पाचवं सरत आलेली इला दारात उभी राहून सगळं ऐकत होती, तिला कळेना बाबाला एवढं सोपं इंग्लिश का येत नाही. तिने ते वाक्य त्याला स्वतः तीनदा म्हणून दाखवलं.

सकाळी त्याने फोन लावला. ज्युडिथने उचलल्यावर नमस्कारही न करता तो बोलत सुटला. मागे मी तुम्हाला सांगितलं की शिकतोय. आमच्याकडे तसं म्हणायची रीत आहे, ते खरं नव्हतं. मी सहा वर्षं टँगो वाजवतोय, त्याआधी बारा वर्षं दुसरं, आणि मी चांगला वाजवतो. मला एक दुपार द्या. माझ्यामुळे एक जरी जोडपं थांबलं तरी मी गाडी काढून परत जाईन.

ज्युडिथने सांगितलं, संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोचाच माणूस वाजवेल, त्याला आता नाही म्हणता येणार नाही. शनिवारी दुपारचा तास मोकळा आहे, तिथे या, नाव मात्र छापता येणार नाही, कागद छापून झालेत. एकनाथने फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते आणि तो उगाचच प्रतिमाला म्हणाला, चहा टाकतो.

शनिवारी पहाटेच सगळे निघाले, पुढे ओरासिओ आपल्या जुन्या व्हॅनमधून, मागे शेवडे मंडळी. साडेतीन तासांचा रस्ता. पोर्टलंडचा हॉल बॉथेलच्या हॉलच्या चौपट. दीडेकशे माणसं, त्यातली निम्मी तर नाच शिकवणारीच, म्हणजे कुठे चुकतोय हे ओळखणारी. सॅन फ्रान्सिस्कोचा गिटारवाला पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता. एकनाथने पायाखाली टेस्टिंगची दोन्ही पुस्तकं मांडली आणि सुरुवात केली.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. बेताचं नव्हे, चोख झालं. माणसं चालत होती, गर्दी असूनही कुणी कुणाला धडकत नव्हतं. तिसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि ओरासिओने बँडोनिऑन मिटला. मिटून हात त्यावर ठेवले आणि समोरच्या खिडकीबाहेर बघत बसला. काही मोडलं नव्हतं, तुटलं नव्हतं. एकनाथने एक नजर टाकली आणि त्याला कळलं, म्हाताऱ्याने मुद्दाम केलंय. पूर्वीचा एकनाथ असता तर तिथेच थांबला असता, कारण मुख्य माणूस थांबला की थांबायचं. त्याच्या बोटांना ते आठवलंसुद्धा. पण समोर दीडशे माणसं पाऊल टाकायच्या बेतात होती, आणि त्यांना विचारत बसायला वेळ नव्हता. त्याने ठोका धरला. नुसते चार ठोके, खर्जात, एकानंतर एक. मग वरच्या तारांवर चाल घेतली, ओरासिओची चाल, आणि खालचा ठोका सोडला नाही. जोडपी चालत राहिली. कित्येकांच्या तर लक्षातही आलं नाही की दुसरं वाद्य बंद आहे. पूर्ण अर्धं गाणं त्याने एकट्याने नेलं, शेवटचे दोन सूर टाकले, आणि एकही पाय हवेत राहिला नव्हता. पहिल्या रांगेतल्या सॅन फ्रान्सिस्कोवाल्याने पाय जवळ घेतले होते आणि तो सरळ बसला होता.

टाळ्या थांबेपर्यंत प्रतिमाला रडू आवरेना. ओरासिओने पेटी पुन्हा मांडीवर घेतली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने म्हणाला, चौथं.

तासाभराने ज्युडिथ वही घेऊन आली. एप्रिलमध्ये युजीनचा महोत्सव, मेमध्ये पुन्हा इथे, जूनमध्ये दक्षिणेला. तारखा जमतील का, आणि नाव कसं लिहायचं? एकनाथने स्पेलिंग सांगितलं. मग ती म्हणाली, सुंदर वाजवलंत. त्याचं तोंड उघडलं, आणि मागे उभ्या असलेल्या प्रतिमाने श्वास रोखला, कारण तिला माहीत होतं आत काय तयार होतंय.

"हो," एकनाथ म्हणाला. "आज चांगलं झालं."

सोमवारी त्याने संजीवला फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं, न अडखळता. संजीव आधी हिरमुसला, मग म्हणाला, ठीक आहे यार, पण माझी पुस्तकं तरी परत दे. एकनाथ म्हणाला, ती नाही मिळायची, कामाला लागतात.

त्या वर्षीचा पाडव्याचा कार्यक्रम बॉथेलच्या शाळेच्या कॅफेटेरियात होता. मंडळात नवीन आलेल्या एक काकू श्रीखंडाची वाटी घेऊन त्याच्या समोरच बसल्या. प्रतिमा तुमची मिसेस का, फार गोड मुलगी. आणि तुम्ही काय करता?

"गिटार वाजवतो," एकनाथ म्हणाला.

"ते छानच हो. पण करता काय?"

एकनाथने पुरीचा तुकडा श्रीखंडाला लावला. पूर्वी याच क्षणी तो उठून स्वयंपाकघरात गेला असता.

"तेच सांगितलं, काकू," तो म्हणाला. "चांगला वाजवतो. युजीनला चाललोय शुक्रवारी, याल का ऐकायला?"